चोवीसच हाय ना?

कासारडोह, ता. खालापूर
३ मार्च १९७४

दादा,

तुझ्या आणि आईच्या पाया पडते. आईचे गुडघे आता कसे हायत ते कळव. इथं वालाच्या शेंगा काढून झाल्या. गडी माणसं मोकळी हायत, पण माझा जीव मोकळा नाय.

हे पत्र मी ह्यांच्या नकळत लिहिते. ह्यांनी आणि नामाभावजींनी मिळून उरणहून एक जुना मचवा आणलाय, डिझेल इंजिनाचा. नामाभावजी म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, माझ्या लग्नात तुझ्याशी पैज लावून जिलब्या खाल्लेले. आतापर्यंत दोघं वल्ह्याच्या होडीनं माणसं पाताळगंगेपार नेत. आता रसायनीकडच्या एका कारखान्याचे कामगार पाळीला नेऊन सोडायचं काम मिळायचं हाय. कारखान्याची अट अशी, की बोटीवर दिवे पायजेत आणि तळात साचलेलं पाणी उपसायला विजेचा पंप पायजे. त्याशिवाय पावसाळ्यात ते आपला माणूस चढू देणार नायत.

तिथनंच सगळं सुरू झालं. चौक गावचा गॅरेजवाला म्हणतो लॉरीची बॅटरी ठेवा, बारा व्होल्ट. वाल्मिक म्हणून एक ठेकेदार कारखान्यात फिरत असतो, तो म्हणतो घरात असते तीच दोनशे तीसची वीज घ्या, इंजिनाला पट्ट्यानं जनरेटर जोडून देतो, ट्यूबा लावा, मोठा पंप लावा. तो म्हणतो, घरात विजेनं रोज कुणी मरतं का? ह्यांना त्याचं बोलणं पटत चाललंय.

मला काय कळत नाय, पण मला भ्या वाटतं. मी रोज त्याच बोटीनं भाजी घेऊन मोहोपाड्याला जाणार. लाकूड ओलं, दोर ओले, माणसं ओली, आणि त्यात वीज. तू रेल्वेच्या डब्यांतले दिवे बघतोस, म्हणून तुला विचारते. हे स्वतः तुला विचारणार नायत. मेहुण्याला काय विचारायचं, असं त्यांचं हाय.

तुझी,
जया


कर्जत
११ मार्च १९७४

चि. जया,

आशीर्वाद. आईचे गुडघे बरे आहेत, देवळापर्यंत काठीशिवाय जाते.

तुझी भीती अगदी योग्य आहे. ती कमी व्हावी म्हणून नीट समजावून लिहितो. सखारामरावांना वाचून दाखव. मी सांगितलं असं वाटू नये म्हणून माझं नाव शेवटी सांग.

खोपोलीला डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे मोठे नळ तू पाहिलेस. पाणी जितक्या उंचावरून येतं तितका त्याला जोर. ती उंची म्हणजे व्होल्ट समज. उंचावरचं पाणी बारीक नळातूनही मोठं चाक फिरवतं. तेच काम ठेंगण्या बांधावरून करून घ्यायचं तर पाट रुंद लागतो. बारा व्होल्ट हा ठेंगणा बांध आहे. दोन दिव्यांच्या लहान होडीला तो पुरेल, पण मचवा लांब, आणि पंप अगदी शेपटीकडे. तिथपर्यंत जोर पोचवायचा तर वायर फार जाड घ्यावी लागेल. बारीक वायर वापरली तर ती तापेल, आणि नेमकं पाणी भरत असताना पंप मलूल फिरेल.

दोनशे तीस म्हणजे खोपोलीचा कडा. वायर बारीक चालते, ट्यूब झगझगीत पेटते, सामान कुठंही मिळतं. ठेकेदाराला म्हणूनच ते आवडतं. पण घरात माणूस कोरड्या जमिनीवर उभा असतो. बोटीत वायरीचं वरचं आवरण कुठं घासलं, कुठं पाणी शिरलं, की तो कडा माणसाच्या अंगावर येतो.

चोवीस घ्या. लॉरीच्या दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडल्या की चोवीस होतात. आमचे गाडीचे डबे त्याच्यावरच उजळतात. ओल्या हाताचा माणूस त्याला चिकटून बसत नाही. दिवे लहान असतील, पण ते रस्ता दाखवायला आहेत, लग्नाला नाहीत.

दुसरं काही ऐकू नका. चोवीस.

तुझा,
पदूदादा


कासारडोह
२ एप्रिल १९७४

रा. पद्माकरराव यांस,
सखाराम याचा रामराम.

आपलं पत्र घरात वाचलं. आपण एवढा विचार केलात, बरं वाटलं. बोटीच्या विजेचं काम सुरू केलं हाय. चोवीसचंच करतो. पावसाच्या आत बोट पाण्यात पायजे, म्हणून घाई हाय, तरी आपण काळजी करू नये. जयाला उगाच घाबरायची सवय हाय. आईंना नमस्कार.

आपला,
सखाराम


कासारडोह
२ जुलै १९७४

दादा,

बोट सुरू होऊन बरेच दिवस झाले, पण लावणीत कंबर मोडली म्हणून पत्र लिहिलं नाय. आता चिखलातनं उठून लिहिते.

तुझं ऐकून ह्यांनी चोवीसचं केलं, त्याचं मला बरं वाटतं. पण दादा, तू लिहिलं होतंस दिवे लहान असतील. ते लहान नायत, रं. कारखान्याच्या फाटकावर असतात तशा पांढऱ्या लांब ट्यूबा हायत, आणि आपल्या घरच्यासारखा गोल बल्ब इंजिनापाशी. इंजिन जोरात घातलं की बल्ब डोळे दिपवतो, हळू केलं की तांबडा होतो. बोट संध्याकाळी भरून येते तेव्हा अख्खा गाव काठावर उभा राहून बघतो. नामाभावजींची बायको सोनुबाई म्हणते, आमच्या नदीत गणपतीचा मांडव आला. नामाभावजींना त्या दिव्यांचं कोण कौतुक. रोज फडक्यानं ट्यूबा पुसतात.

बॅटऱ्या मात्र मला कुठं दिसल्या नायत. ह्यांना विचारलं, तर म्हणाले तळात फळ्यांखाली हायत.

आणखी एक विचारायचं हाय. पाऊस लागल्यापासनं कठड्याची लोखंडी दांडी धरली की हाताला मुंग्या येतात. माझ्या एकटीच्या नाय, सगळ्यांच्या. ओला हात असला की जास्त. जना कोळीण म्हणते इंजिनाचा थरथराट हाय. हे म्हणतात नवीन बोट अशी असते. पण परवा मी टोपली उतरवताना कोपरानं दांडीला टेकले, तर कोपरापासनं खांद्यापर्यंत असा झटका बसला, की भेंड्या पाण्यात गेल्या. लोक हसले. मी पण हसले. पण घरी आल्यावर बराच वेळ माझा हात माझाच हाय का, असं मला वाटत होतं.

चोवीसला असं होतं का, रं?

तुझी,
जया


तार
कर्जत, ६ जुलै १९७४
कुणीही बोटीवर पाय ठेवू नका. यंत्र ताबडतोब बंद करा. पद्माकर.


कर्जत
६ जुलै १९७४

जया,

तुझं पत्र कामावर मिळालं आणि तिथूनच तारघरात गेलो. आता हे लिहितो. तार आधी पोचेल. निदान पोचावी.

ते चोवीस नाही. लांब ट्यूब आणि घरचा बल्ब चोवीसवर पेटतच नाहीत. इंजिनाबरोबर उजेड कमीजास्त होतो, याचा अर्थ बॅटरी नाही, थेट जनरेटर आहे. तुझ्या नवऱ्यानं दोनशे तीस बसवलं आहे आणि ते कुठूनतरी कठड्यात उतरलं आहे. मुंग्या म्हणजे ते थोडं गळतंय. पाऊस वाढेल तसं जास्त गळेल. ज्या दिवशी कुणी एका हातानं दांडी धरून तळातल्या पाण्यात उभा राहील, त्या दिवशी मुंग्या येणार नाहीत, माणूस जाईल.

लडकू आठवतो ना, आपल्या आळीतला? तुझ्या लग्नात मांडवाचे दिवे त्यानंच लावले होते. सात वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा तुला हृदय बंद पडून गेला असं आम्ही कळवलं होतं. तू तेव्हा बाळंतीण होतीस. खरं असं, की भिजलेल्या शेतात कुणाच्या हळदीच्या मांडवाची वायर ओढताना तो चिकटला. मी तिथं होतो. त्याच्या तोंडातून आवाजसुद्धा निघाला नाही, जया. शेजारच्या माणसाला वाटलं, तो वायर घट्ट धरून काहीतरी विचार करतोय.

म्हणून मी तुला चोवीस सांगितलं होतं, पण लडकूचं तुझ्यापासून लपवलेलं होतं म्हणून हे कारण सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

मी रविवारी निघतो. तोवर तू, मुलगी, कुणीच काठाकडे फिरकू नका.

पदू


कासारडोह
१२ जुलै १९७४

दादा,

रविवारी पूर आला म्हणून तू चौकपासनं परत गेलास, असं टेंपोवाल्यानं सांगितलं. काय झालं ते तुला कुणाकडनं उलटसुलट कळण्याआधी मीच लिहिते. आधी हे वाच : हे, मी आणि मुलगी, आमी जिवंत हाव. नामाभावजी पण हायत. ते पनवेलच्या दवाखान्यात हायत.

तुझी तार संध्याकाळी आली. तार म्हटल्यावर पोस्टाचा माणूस ओटीवर देऊन उभासुद्धा राहिला नाय. सासूबाईंनी न उघडताच रडायला घेतलं. मला वाटलं आई गेली. तार इंग्रजी अक्षरांची. आमच्यात कुणाला ती वाचता येईना. मी तशीच हातात घेऊन, भिजत, धक्क्याकडे धावले.

बोट पाळीची माणसं भरून नुकतीच सुटली होती. पाऊस जोराचा, आणि आभाळ भरून आलेलं म्हणून दिवे लावलेले. ह्यांनी मला रडताना बघितलं आणि बोट माघारी वळवली. धक्क्याला टेकली तेव्हा मी तार पुढं केली. कारखान्यातला एक कारकून कठड्याशी उभा होता, त्यानं ती घेतली आणि मोठ्यानं मराठीत वाचली.

सगळ्यांनी ऐकलं. इंजिन चालूच होतं.

मी ह्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "चोवीसच हाय ना?"

दादा, त्यांनी मान खाली घातली आणि बोटीतल्या एवढ्या माणसांना एकदम कळलं. ज्यांचे हात दांडीवर होते त्यांनी विस्तव लागल्यासारखे काढले, आणि सगळे एकदम धक्क्याकडच्या बाजूला सरले. बोट तिरकी झाली. त्या बाजूनं पाणी आत आलं. माणसं एकमेकांवर पडली, काही पाण्यात पडली. तिथं कमरेएवढं होतं म्हणून वाचली.

नामाभावजी तळात पंपापाशी होते. बोट कलली तसा त्यांचा तोल गेला आणि त्यांनी पडता पडता पंपाची लोखंडी नळी धरली. पाय पाण्यात. मी धक्क्यावरनं त्यांचं तोंड बघत होते. तू लडकूचं लिहिलंस ते मला आज मिळालं, पण मी ते त्या दिवशीच बघितलं. डोळे उघडे, दात आवळलेले, आवाज नाय. आणि वर ट्यूबा पांढऱ्या झगझगीत.

ह्यांनी त्यांना धरायला हात पुढं केला आणि मधेच थांबवला. मग इंजिनाकडे गेले. इंजिन बंद करायचा दांडा हलेना. मग त्यांनी बसायचं गोणपाट उचलून इंजिनाच्या हवा ओढायच्या तोंडात कोंबलं आणि वर छातीनं दाबून धरलं. इंजिन खोकलं, गुदमरलं आणि बंद पडलं. दिवे गेले. नामाभावजी पाण्यात कोसळले.

कारखान्यातल्या एका माणसाला अशा वेळी काय करायचं ते शिकवलेलं होतं. त्यानं धक्क्यावर त्यांना उताणं घातलं आणि छाती दाबत राहिला. सोनुबाई आली तेव्हा श्वास नव्हता. ती बाजूला चिखलात बसली आणि नुसती त्यांचं पाऊल धरून राहिली. मग कधीतरी भावजी ओकले आणि कण्हले.

उजवा तळहात भाजलाय. डॉक्टर म्हणतात बोटं मिटतील का, ते आता सांगता येत नाय.

दादा, तुझी तार आली नसती तर पुढच्या कुठल्या दिवशी दोघंचौघं गेले असते, हे मला कळतं. पण तार आली म्हणून माणसं सरली आणि भावजी पडले, हे पण मी बघितलं. तुझ्या तारेनं तारलं का मारलं, ते मला ठरवता येत नाय. मी तुला दोष देत नाय. मला सारखी भीती वाटते एवढंच. पाण्याचा हंडा उचलताना हात आखडतो. घरातला दिवा लावायला मुलीला सांगत नाय आणि मी पण लावत नाय. आमी अंधारात जेवतो.

हे रात्रभर ओटीवर बसून असतात.

जया


कासारडोह
१९ जुलै १९७४

पद्माकरराव,

मी तुमास्नी खोटं लिहिलं. जयाला खोटं सांगितलं आणि नामालाही. तो तळात निर्धास्त उभा राहायचा, कारण मी चोवीस म्हणालो होतो.

चोवीसचं सामान मिळायला उशीर लागला असता. वाल्मिकनं सगळं आणून धक्क्यावर टाकलं, कारखान्याचे साहेब बोट बघायला येणार होते, आणि ट्यूबा पेटल्या तेव्हा गाव जमला. मला ते आवडलं. मुंग्या मला पण यायच्या. मी रोज दांडी धरून बघायचो, आज जास्त येतात का कमी. कमी आल्या की मला वाटायचं आपोआप थांबतील. वाल्मिक त्या दिवसापासनं इकडे फिरकला नाय.

बोट उपसून काठावर काढून ठेवलीय. मी तिच्याजवळ जातो आणि परत येतो. तुमी येऊन ती वीज काढाल का? मला हात लावायची हिंमत नाय. इंजिन बंद असताना तिच्यात काय नसतं, हे मला समजतं. तरी नाय.

सखाराम


कर्जत
२० ऑगस्ट १९७४

चि. जया,

आशीर्वाद. तुमच्याकडून परत आल्यावर एक दिवस झोपून होतो. आईला म्हटलं पावसात भिजलो. खरं तर बोटीची ती वायर सोडवताना, इंजिन बंद, पट्टा काढलेला, तरी माझ्या पाठीतून घाम वाहत होता. सखाराम माझ्यासमोर बसले होते, म्हणून काम थांबवलं नाही.

आता नीट ऐक. जुनी एक वायरसुद्धा बोटीत ठेवलेली नाही. दोन बॅटऱ्या उंचावर, पेटीत आहेत. बॅटरीच्या दोन्ही टोकांच्या वायरी वेगळ्या ओढल्या आहेत, कुठलीच लोखंडाला जोडलेली नाही. पंपाची वायर जाड घातली आहे, म्हणून तो जोरात फिरतो. मी ओल्या हातानं, पाण्यात उभा राहून सगळीकडे हात लावून पाहिला. तू धक्क्यावरून पाठ फिरवून उभी होतीस, म्हणून तुला दिसलं नाही.

कुणी बसतं का? सखारामांनी कळवलं, की माणसं पुलावरून लांबचा वळसा घालून जातात, पण बोटीत येत नाहीत. येऊ दे वेळानं. भिऊ नका असं मी कुणालाही सांगणार नाही. तूही सांगू नकोस.

पदूदादा


कासारडोह
३१ ऑगस्ट १९७४

दादा,

तू विचारलंस कुणी बसतं का. काल बसलं.

बोट रोज धक्क्याला उभी असायची. हे इंजिन सुरू करून बसायचे, माणसं बघून पुढं जायची. कुणी काय वाईट बोलायचं नाय. तेच ह्यांना जास्त लागायचं. मी पण त्यातलीच. भाजीची टोपली घेऊन पुलावरनं जायचे, आणि ह्यांच्याकडे बघायचे नाय.

काल संध्याकाळी सोनुबाई आली. ती रोज पुलावरनं चालत जाऊन पुढं पनवेलला नामाभावजींसाठी पेज घेऊन जाते. काल तिच्या टाचेला जखम झाली होती. ती धक्क्यावर आली, पेजेचा डबा फडक्यात बांधलेला, आणि सरळ बोटीत उतरून फळीवर बसली. त्या दिवसानंतर ती ह्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. हे उभे राहिले. काय करावं त्यांना सुचेना.

"पलीकडं जायचंय," ती म्हणाली.

मला तिला एकटीला जाऊ देववेना. दादा, धक्क्यावरनं बोटीत एक पाऊल हाय, पण ते मी दोनदा मागं घेतलं. मी डोळे मिटून उतरले आणि तिच्याजवळ बसले. दोघींनी एकमेकींचे हात धरले. दुसरं काहीच धरलं नाय.

नदी भरलेली होती. अंधारत आलं होतं, तरी ह्यांनी दिवे लावले नव्हते. बटणाकडे हात न्यायचे आणि परत सुकाणूवर आणायचे. मी बघत होते. सोनुबाई पण बघत होती. नदीच्या मधोमध आलो तेव्हा ती बोलली.

"भावजी, दिवे लावा."

हे म्हणाले, "राहू दे, वहिनी. दिसतंय अजून."

"लावा," ती म्हणाली. "त्यांनी विचारलंय नवीन दिवे कसे हायत. मला जाऊन सांगायचंय."

ह्यांनी बटण दाबलं. तिची बोटं माझ्या हातात रुतली. दिवे लागले. लहान हायत, पिवळे, पणतीहून थोडे मोठे. पाण्यावर थोडाच उजेड पडला. बाकी काय झालं नाय. इंजिन चालत राहिलं, पंप चालत राहिला.

ती बराच वेळ एकेका दिव्याकडे बघत राहिली, जणू पाठ करत होती. पलीकडचा काठ आला तेव्हा डबा घेऊन उतरली आणि ह्यांना म्हणाली, "उद्या याच वेळेला येते."

हे घरी येऊन ओटीवर बसून रडले. मी त्यांना रडू दिलं.

आज सोनुबाईच्या मागं जना कोळीण पण बसली.

तुझी,
जया